मिसेस लिमच्या मागची जागा

सिंगापूरहून परतल्यावर पहिले चार दिवस भांडुपच्या आमच्या चाळीतल्या बायका माझी बॅग बघायला येत होत्या. बटण दाबलं की फाटकन उघडणारी छत्री सगळ्यांनी उघडून-मिटून पाहिली. पाचव्या की सहाव्या बाईने तिची एक काडी वाकवली तेव्हा मी ती कपाटात टाकली. मग शेजारच्या नलूताईंनी विचारलं, "ते राहू दे गं. तिकडे बघितलंस काय काय?"

मी म्हटलं, "बघितलं कमीच. मी तिकडे होडी वल्हवली. शर्यतीत."

सासूबाई म्हणाल्या, "तुका थंय रांधूक धाडलेला, नी तू होडी वल्हवूक गेलंस?"

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतं आणि मी सांगते. नलूताईंच्या मते मी दर वेळी थोडं वाढवून सांगते. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू, म्हणजे वाढणार नाही. शाळा माझी सातवीतच सुटली, तेव्हा वेलांटीचं तुम्ही बघून घ्या. होडीचं मी बघते.

बारावा मजला

आमचे हे अंधेरीच्या एमआयडीसीत टूलरूमला. त्यांच्या कंपनीचा एक कारखाना सिंगापुरात, तिथे दोन वर्षं पाठवलं, जोडीने. विमानात बसेपर्यंत मी खूश होते. तिथे पोचल्यावर कळलं की हे सकाळी सातला जातात आणि संध्याकाळी सातला येतात, आणि मधले सगळे तास माझे एकटीचे. बाराव्या मजल्यावर. आमच्या चाळीत दुपारी कुणाच्या घरात कोणती आमटी शिजतेय ते पडल्यापडल्या कळतं. इथे लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघत उभी राहतात. भाषा येत नाही, इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि सॉरी. मी आठवडाभर रडले. आठवड्यानंतरही रडले, पण स्वयंपाक करता करता.

तिथे कपडे वाळत घालायची रीत अशी की बांबूच्या लांब काठीत कपडे ओवायचे आणि ती काठी खिडकीबाहेर भोकात खोचायची. सगळी इमारत कपड्यांची पताका लावल्यासारखी दिसते. पहिल्याच दिवशी माझी काठी निसटली. ह्यांची पँट, दोन बनियन आणि माझी हिरवी साडी असं सगळं दहाव्या मजल्यावरच्या काठीवर जाऊन अडकलं. खालून एका बाईने मान बाहेर काढली, वर बघितलं आणि हिंदीत ओरडली, "ये साडी मेरे को गिफ्ट है क्या?"

ती सरोजा. तमिळ, जन्माने तिथलीच, हिंदी सगळं सिनेमातलं. कपडे घेऊन वर आली ती चहा पिऊनच गेली. जाताना म्हणाली, "तुम रोज रोता है. पाइप में से सुनाई देता है." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "शनिवार को मेरे साथ चलो. काम है."

तिचे उपकार मी कसे फेडू? पण तिने काम कसलं ते आधी सांगितलं असतं, तर मी दार लावून घेतलं असतं.

नदीवर

काम असं होतं. सिंगापुरात वर्षातून एकदा लांबलचक होड्यांच्या शर्यती होतात. होडीला पुढे ड्रॅगनचं तोंड, मागे शेपूट, आत दोन-दोनच्या जोड्यांनी वीस माणसं. सगळ्यांत पुढे एकजण आपल्याकडे तोंड करून ढोल वाजवतो, आणि मागे एकजण लांब वल्हं धरून दिशा सांभाळतो. आमच्या इमारतींमधल्या बायकांची होडी होती आणि तिच्यात एक बाई कमी पडत होती. ढोलावर सरोजा. सुकाणूवर अंकल तान, काटकुळा म्हातारा, सगळा जन्म मालवाहू बोटींवर गेलेला. ते माझ्याशी सरोजातर्फेच बोलले.

"ही कुठली?"

"मुंबई. कोकणवाली."

"समुद्रकाठची?"

सरोजाने मला विचारलं. मी मान डोलावली. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला, समुद्र तिथून एसटीने दीड तास, आणि मी तर जन्मले भांडुपला. पवईचं तळं बसच्या खिडकीतून बघितलं तेवढाच माझा पाण्याशी संबंध. पण एवढं सगळं सांगायला इंग्रजी कुठून आणू? अंकल तान खूश झाले. "गुड! फिशरमन!" म्हणाले. मी म्हटलं, "थँक्यू."

साडीत होडीत बसता येत नाही. सरोजाने तिची पँट दिली. लग्नानंतर मी पहिल्यांदाच पँट घातली आणि लिफ्टमध्ये मी पण छताकडे बघत उभी राहिले. ह्यांनी दार उघडलं आणि विचारलं, "येस? हूम डू यू वाँट?" मी म्हटलं, "अहो, मी आहे!" तर हे दाराला धरून हसायला लागले. मग माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झकास दिसतेस. फक्त आईला फोटो पाठवू नकोस."

पोहता न येणाऱ्यांना नारिंगी जाकीट मिळायचं. ते घालून मी होडीत उतरले, दोन्ही हातांनी कड धरून. पण काय सांगू तुम्हाला! ढोल वाजायला लागला आणि वीस वल्ही एकदम पाण्यात गेली, तशी होडीने अशी काही उडी घेतली की माझं पोट मागच्या बाकावर राहिलं आणि मी पुढे गेले. मी मोठ्याने हसले. रडणारीचा आवाज आजवर पाइपातून जायचा, हा हसण्याचा आवाज दोन्ही काठांना ऐकू गेला असेल. सरोजा ढोल वाजवता वाजवता ओरडली, "ए पुष्पा, मुँह बंद! पानी जाएगा!"

आयुष्यात मला कुणी कशात घेतलं नव्हतं. शाळेत लंगडीच्या संघात माझं नाव आलं, त्याच वर्षी आई आजारी पडली आणि शाळाच सुटली. इथे मला एक जागा मिळाली होती, दुसऱ्या ओळीत डावीकडे. त्या जागेवर नाव नव्हतं, पण मी नसले तर ती जागा रिकामी दिसायची. रात्री मी ह्यांना तीन-तीनदा विचारायचे, "अहो, काढणार तर नाहीत ना मला?" हे म्हणायचे, "झोप गं फिशरमन."

पाय

आता खरी गोष्ट. माझ्यापुढे पहिल्या ओळीत मिसेस लिम बसायच्या. वय माझ्या सासूबाईंएवढं, केस पांढरे, दंड पैलवानाचे. पहिली ओळ ज्या वेगाने वल्हवते, त्याच वेगाने मागच्या सगळ्यांनी वल्हवायचं. म्हणजे त्या आमच्या इंजिन. आणि जोर लावायला आपला पाय पुढच्या बाकाखाली ताणून रोवायचा असतो.

ताणला की अंगठा थेट मिसेस लिमना लागायचा.

तुम्हाला सांगायला नको. कुणाला पाय लागला की आपण काय करतो? हात लावायचा, छातीला न्यायचा. विचार थोडाच करतो? शिंक येते तसं ते होतं. आणि इथे तर वडीलधारी बाई! पाय लागला की मी वल्ह्याचा एक हात सोडायचे, मिसेस लिमच्या पाठीला लावायचे, छातीला न्यायचे. मग घाईघाईने वल्हं पकडायचे. तेवढ्यात माझ्या मागचीचं वल्हं माझ्या वल्ह्यावर खाडकन आपटायचं. तरी दोन शनिवार निभावलं.

तिसऱ्या शनिवारी अंकल तान म्हणाले, आज पूर्ण जोर. पूर्ण जोर म्हणजे पाय पूर्ण ताणलेला. पाय लागला, मी हात लावला. परत लागला, परत लावला. आणि मला जाणवलं की मिसेस लिमचा वेग वाढतोय. वेग वाढला म्हणून मी पाय आणखी ताणला. लागला. हात लावला. त्या आणखी जोरात! डावी बाजू सगळी त्यांच्यामागे सुटली, उजवी बाजू ढोलावर राहिली, आणि होडी गर्रकन वळली. सरोजाची काठाकडे पाठ, तिला काही दिसेना, ती आपली आनंदात वाजवतेय! काठाला एक जुना मालवाहू पडाव बांधला होता, त्याला धक्क्यासाठी ट्रकचे टायर लटकवलेले. आमच्या होडीचं नाक बरोबर एका टायरमध्ये जाऊन रुतलं.

ढोल पाण्यात. सरोजा टायरवर. पडावावर एक माणूस नूडल्स खात बसला होता. त्याने खाली वाकून आम्हा सगळ्यांकडे बघितलं, काहीतरी बोलला आणि परत खायला लागला. नंतर कळलं की तो म्हणाला होता, "टायरचं दुकान आज बंद आहे."

सगळ्या हसत होत्या. अंकल तान मात्र हसत नव्हते. "वेग वाढवायला कुणी सांगितलं?"

मिसेस लिमनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने. सारखी पाठीवर थाप मारत होती. मला वाटलं तुमचा निरोप मागून पुढे येतोय, आणखी जोरात, आणखी जोरात."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मला त्या वेळी एकच शब्द आठवला, तो मी बोलले. "सॉरी." टायरवर बसलेल्या सरोजाच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. "पुष्पा! तू पाँव लगा तो सॉरी बोल रही थी? मेरी दादी भी ऐसा करती थी!" तिने सगळ्यांना इंग्रजीत समजावलं. बायका परत हसल्या, पण माया करून हसल्या.

अंकल तान टायरमधून नाक सोडवत म्हणाले, "चांगली रीत आहे. पण जमिनीवर. होडीत एक हात सुटला की होडी गेली. पुढच्या शनिवारी बघू. परत असं झालं तर ग्लोरिया बसेल." ग्लोरिया म्हणजे माझ्यानंतर आलेली फिलिपिनो मुलगी, राखीव, धक्क्यावर उभी राहून आमच्या चपला सांभाळायची. तिचा काही दोष नाही, पण त्या दिवशी मला ती आवडली नाही.

खाटेवर सराव

घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "चल, सराव करू." उपडी बादली खाटेपुढे ठेवून हे तिच्यावर पाठमोरे बसले. मी मागे खाटेच्या कडेला, हातात झाडू.

"हं, वल्हव. लागू दे पाय."

पाय लागला. हात गेला.

"गेला ना?"

"गेला."

"मी नवरा आहे म्हणून असेल. मला मिसेस लिम समज."

"अहो, मग तर दोन्ही हात जातील!"

मोजे घालून बघितले. सलवारीच्या नाडीने हात झाडूला बांधून बघितला, तर पाय लागल्यावर झाडूसकट हात ह्यांच्या पाठीवर. हे कळवळून म्हणाले, "एक सांगतो पुष्पा. नवऱ्याला लाथ घालून नमस्कार न करायची सवय फार लावून घेऊ नकोस. परत भांडुपला जायचंय आपल्याला."

शुक्रवारी मी सरोजाला सांगितलं, उद्या मी येत नाही, ग्लोरियाला बसव. सरोजाने एक पुडी माझ्या हातात दिली, मिसेस लिमनी पाठवलेली. शर्यतींच्या सणाला तिथे बांबूच्या पानात तांदळाचे त्रिकोणी मुटके बांधून उकडतात. उघडले, तर पानाचा वास असा की पातोळ्यांची चुलत बहीणच! पण आत गूळखोबरं नाही, आत तिखट, आणि त्या तिखटात सुका जवळा. अहो, सुका जवळा! भांडुप स्टेशनाबाहेरच्या बाजाराचा वास सिंगापुरात बाराव्या मजल्यावर! मी उभ्या उभ्या चार खाल्ले. म्हटलं, जिने हे पाठवलं तिच्या मागची जागा मी सोडू कशी?

सोडायची नाही हे ठरलं. पण करायचं काय?

सकाळी उठले. खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी रोजच्यासारखा भुईला हात लावला, कपाळाला नेला. आई करायची, म्हणून मीही करते. बाराव्या मजल्यावर भुई कसली, प्लास्टिकची फरशी, पण हात जातो. आणि हात कपाळाशी असतानाच मी थांबले. आपण दिवसभर धरतीवर पाय देतो. पावलापावलाला वाकतो का? नाही. सकाळी एकदाच मागून घेतो, बाई गं, आज दिवसभर तुला पाय लागणार आहेत, सगळ्यांची माफी आत्ताच दे.

"अहो उठा!" मी ह्यांना गदागदा हलवलं. "आगाऊ! आगाऊ करायचा नमस्कार!"

"कुणाला?" हे झोपेतच हात जोडून उठले.

धक्क्यावर

धक्क्यावर मिसेस लिम केसांना रुमाल बांधत उभ्या होत्या. मी सरळ गेले आणि वाकून दोन्ही हातांनी त्यांच्या पायांना नमस्कार केला. त्या एवढ्या दचकल्या की रुमाल नदीत गेला. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी मला काखेत धरून उचललं आणि एका हाताने वारा घालायला लागल्या.

"सरोजा, सांग ना यांना! आज जेवढे पाय लागतील त्या सगळ्यांचा हा एकदम!"

सरोजाने सांगितलं. मिसेस लिमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "ऑल किक? टुडे?"

"ऑल किक. टुडे."

"ओके," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट वीक, न्यू वन." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, कुणी शिकवलं नसताना.

हे बाकीच्या बायकांनी बघितलं. कुणाला तरी वाटलं, शर्यत जिंकायची ही भारतातली युक्ती असणार. एकीने मिसेस लिमना वाकून नमस्कार केला, तिच्या मागे दुसरी, आणि बघता बघता रांग! ग्लोरियासुद्धा चपलांचा ढीग सोडून रांगेत. मिसेस लिम प्रत्येकीच्या डोक्यावर थपकन हात ठेवून "नेक्स्ट! नेक्स्ट!" म्हणत होत्या. अंकल तान कपाळाला हात लावून होडीत एकटेच बसले होते.

आणि मग आम्ही निघालो. पहिल्या जोराला पाय लागला. माझा हात वल्ह्यावरून सुटायला निघाला. मी मनात म्हटलं, दिलाय, दिलाय. दुसऱ्यांदा लागला. दिलाय. चौथ्या-पाचव्यांदा मी म्हणायचंही विसरले. सरोजा माझ्या हातांकडे बघत वाजवत होती, आणि तिचं तोंड हळूहळू इकडच्या कानापासून तिकडच्या कानापर्यंत गेलं. परत आल्यावर अंकल तान एवढंच म्हणाले, "फिशरमन, ओके." ग्लोरियाने माझ्या चपला माझ्या पुढ्यात आणून ठेवल्या. तेव्हापासून ती मला फार आवडते.

शर्यत

शर्यतीच्या दिवशी खाडीवर आपल्या जत्रेसारखी गर्दी, फक्त कुणी ढकलत नाही. रांगेत उभं राहून ऊस पिळून घेतात. धक्क्यावर माझा आगाऊ झाला, आणि आम्ही चार होड्या ओळीत उभ्या राहिलो. शेजारच्या होडीत एका बँकेच्या बायका, सगळ्यांना एकसारखे नवे कोरे शर्ट. आमच्यात कुणाचा शर्ट कुणाशी जुळत नव्हता.

बार उडाला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तोंडात खारं पाणी. ढोल छातीत की बाहेर ते कळेना. मिसेस लिमची पाठ, तिच्यावर घामाचा नकाशा. माझा पाय बाकाखाली त्यांना असा काही टेकलेला, जसा सासरच्या उंबऱ्यावर मापाला टेकला होता. आणि काठावरून एक आवाज, ढोलाच्या वर, "पुष्पे! ओढ गं पुष्पे! आईशप्पथ, ओढ!" ह्यांनी चारचौघांत कधी माझं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी अख्ख्या सिंगापूरला पाठ करून दिलं.

आम्ही तिसऱ्या आलो. नवे शर्ट चौथे. आम्ही असा काही दंगा केला, की पहिल्या आलेल्यांना वाटलं निकाल बदलला. तिथली रीत म्हणून सगळ्या पाण्यात उड्या मारायला लागल्या, आणि मला कुणी ढकललं की मी स्वतः गेले हे मला आजही माहीत नाही. जाकिटामुळे मी बुचासारखी वर आले. हे काठावरून "अगं तिला येत नाही!" ओरडत बुटांसकट उतरले. ह्यांनाही येत नाही, पाणी कंबरेएवढं होतं म्हणून वाचले. मिसेस लिमनी आमच्या दोघांकडे एक वल्हं पुढे केलं आणि आम्ही त्याला धरून, हसत हसत, धक्क्याला लागलो.

वर आल्यावर अंकल तान टॉवेल घेऊन उभे होते. या वेळी ते सरोजाला न बोलावता, हळूहळू इंग्रजीत, माझ्याशीच बोलले. "पुढच्या वर्षी तू पहिल्या ओळीत. मिसेस लिमच्या शेजारी. पुढे कुणी नाही. पायाचा प्रश्न नाही."

पहिली ओळ! लंगडीच्या संघातून सुटलेली मी, आणि मला पहिली ओळ. माझ्या तोंडात थँक्यू तयार होतं. मला तेच येतं, आणि आयुष्यभर जे मिळालं त्याला मी तेच म्हणत आले.

मी मिसेस लिमकडे बघितलं. त्या ओले केस पिळत होत्या.

"नो, अंकल," मी म्हटलं. सरोजाने ढोल खाली ठेवला. "सेकंड लाइन. लेफ्ट. दॅट वन माइन."

"पण का?"

एवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. मी होडीत उतरले, ओल्या पँटने माझ्या बाकावर जाऊन बसले आणि पाय पुढे, मिसेस लिमच्या बाकाखाली, ताणला.